जुन्या इरकलांची गोधडी: सगळ्यांचे टाके सारखे असायलाच हवेत का?

शनिवारची सुई (पुणे):

नमस्कार. आम्ही पाच मैत्रिणी दर शनिवारी दुपारी एकीच्या घरी हातशिवणाला बसतो. पिशव्या, अभ्रे, नातवंडांची दुपटी अशा सुटसुटीत कामांनी सुरुवात झाली होती, आणि आता प्रथमच सगळ्याजणी मिळून एकच मोठी वस्तू हाती घेत आहोत. माझ्या सासूबाईंची नऊवारी लुगडी त्यांच्या माघारी ट्रंकेत पडून आहेत. त्यांत बहुतेक इरकली आहेत, एक-दोन साधी सुती पातळे आहेत आणि एक गुलबक्षी रंगाची पॉलिएस्टरची साडी आहे, जी त्या उतारवयात प्रवासाला हमखास नेसत. माझ्या मुलांच्या आठवणीतली आजी त्याच साडीतली असल्यामुळे ती गोधडीत कुठेतरी हवीच, असा त्यांचा आग्रह आहे. दोन नातवंडांसाठी एकेकट्याला पुरतील अशा दोन गोधड्या करायचा विचार आहे.

पहिली शंका अशी की शिवायला काठाकडून सुरुवात करावी की मध्यापासून? आमच्यात याबाबत दोन तट पडले आहेत आणि दोन्ही तटांना आपापली आजी साक्षीला आहे. दुसरी शंका पॉलिएस्टरची आहे, ती वर आलीच.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. आमच्यातल्या सर्वांत वडील मैत्रिणीने, जिने आम्हा सगळ्यांना धावदोरा शिकवला, तिला अलीकडे नीट दिसत नाही आणि तिचा हातही थरथरतो. तिचे टाके आता लांब आणि वाकडे पडतात. एका मैत्रिणीचे म्हणणे असे की ती घरी गेल्यावर तेवढ्या ओळी उसवून आपण नव्याने घालाव्यात, तिला कळणारही नाही. दुसरीचे म्हणणे असे की सरळ मशीन मारावी, म्हणजे कोणाचाच टाका दिसण्याचा प्रश्न उरत नाही. मला यांतले एकही पटत नाही, परंतु गोधडी रोजच्या वापरातली आहे, मुले ती ओढणार, तिच्यावर उड्या मारणार, ती वरचेवर धुतली जाणार, तेव्हा ती टिकली पाहिजे हेही तितकेच खरे आहे. मैत्रिणीच्या मनाचा विचार माझा झालेला आहे. मला शिवणाच्या बाजूने उत्तर हवे आहे.


कृष्णाकाठची (सांगली जिल्हा):

ताई, उसवू नका, आणि याचे कारण शिवणाचेच आहे. वर्षानुवर्षे नेसून आणि धुऊन लुगडे मऊ होते म्हणजे ते विरत आलेले असते. त्यातला टाका ओढून काढताना कापडाचे धागे तुटतात, टाक्याच्या जागी भोक राहते आणि त्याच ओळीवरून पुन्हा सुई गेली की दोन-चार भोके मिळून चीर होते. नव्या कापडावर उसवणे आणि जुन्या लुगड्यावर उसवणे यांत फार फरक आहे. तुमची मैत्रीण ज्या ओळी घालील त्या तशाच राहू द्या.

लांब टाक्याचा खरा त्रास वेगळाच आहे. तो पायाच्या बोटात अडकतो, नखात अडकतो, बायकांच्या जोडव्यात तर हमखास अडकतो, आणि एकदा ओढला गेला की ती सगळी ओळ सैल होते. त्यावर उपाय सोपा आहे. दुसरी सुई घ्यावी आणि त्या लांब टाक्याच्या मध्यावर एक बारीक आडवा टाका घालून त्याला कापडाशी बांधून टाकावे. टाका बोटाच्या अर्ध्या पेराहून लांब असेल तेवढ्याच ठिकाणी हे करावे लागते. खालचा टाका जसा पडला तसाच राहतो, वर दुसऱ्या रंगाचा दोरा घेतला तर ती नक्षी वाटते, आणि हे काम तिच्या समोर बसून, तिच्याशी गप्पा मारत करता येते. ती घरी जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

तिला बसवायचे कुठे, हेही ठरवून घ्या. काठाला सर्वांत जास्त ओढ बसते, कारण अंगावरची गोधडी आपण काठाला धरूनच ओढतो. म्हणून बाहेरच्या चार-पाच फेऱ्या तुमच्यातल्या घट्ट हाताच्या बायकांनी घालाव्यात आणि आतला भाग तिच्याकडे द्यावा. पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर लाल दोरा दिला की कमी दिसणाऱ्यालाही आपली ओळ सापडते. साबणाच्या वडीने रेघ मारून दिली तर आणखी सोपे. हिरव्या इरकलावर हिरवा दोरा देऊन मग टाके वाकडे पडतात म्हणणे बरे नव्हे.

आता सुरुवात कुठून करावी ते सांगते. आमच्याकडे वाकळ काठाकडून आत शिवतात. सर्वांत खालचा थर फरशीवर ताणून पसरायचा, त्याच्या चारी कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, जे जड हाताशी येईल ते ठेवायचे, मग एकेक थर हाताने साफ करत वर घालायचा. शेवटचा थर घातल्यावर उभे आणि आडवे कच्चे टाके एकेका वितीवर घालून घ्यायचे. ही पायरी कंटाळवाणी असते आणि पाचजणी असल्या की प्रत्येकीला वाटते की दुसरीने घातले असतील, पण कच्चे टाके नसतील तर काठाकडून आत येता येता वरचे कापड थोडे थोडे सरकत जाते आणि सगळा जास्तीचा भाग मध्यावर फुगा होऊन बसतो. कच्चे टाके नीट असतील तर काठाकडूनच शिवा. चारी बाजूंना एकेकजण बसते, आपली बाजू संपली की कोपऱ्यावर सुई पुढचीच्या हाती द्यायची, आणि पाचवीने दोरे ओवून द्यायचे किंवा चहा करायचा. चहा गोधडीपासून लांब ठेवावा एवढा एकच नियम आमच्याकडे कडक असतो.


कात्री आणि गज (इचलकरंजी):

माझे शिवणकामाचे दुकान होते, आता ते मुलगा पाहतो. वरील ताईंनी टाक्यांचे सांगितलेच आहे, म्हणून मी कापडाचे सांगतो.

प्रथम सगळी लुगडी उजेडासमोर धरून पाहा. नऊवारी लुगडे कासोट्याच्या आणि गुडघ्याच्या जागी आधी विरते आणि वरवर धड दिसले तरी उजेडात तिथली वीण जाळीसारखी दिसते. तेवढा भाग मधल्या थरात घाला, वर किंवा खाली आणू नका.

इरकलाची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इलकलच्या, म्हणजे कर्नाटकातल्या इरकलाच्या मूळ गावच्या, परंपरेत अंगाचा ताणा (उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो आणि मागावर तो एकमेकांत गुंतवून जोडलेला असतो. अंग सुती असले तरी टोपपदर बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, काठही पुष्कळदा तसाच. धुतल्यावर दोन्ही कापडे सारखी वागत नाहीत. म्हणून पदर कापून वेगळा ठेवावा. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, त्यातून पदर वजा केला की साधारण चोवीस फूट उरतात आणि पन्हा (रुंदी) चार फुटांच्या आसपास असतो. त्याचे सहा-सहा फुटांचे चार तुकडे केले की एका लुगड्यात एका मुलाला पुरेल अशी चार थरांची गोधडी होते, कापूस घालण्याची गरज नाही. पुण्याच्या थंडीला एवढे पुरे. अधिक ऊब हवी असेल तर साध्या पातळाचे आणखी दोन थर मध्ये घाला, पण सहाच्या वर जाऊ नका, नाहीतर हाताची सुई चालत नाही आणि चिमट्याने ओढत बसावे लागते.

कोणते कापड काय आहे याची शंका असेल तर काठाचे दोन-तीन धागे काढून ते चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा जळताना कागद जळाल्याचा वास येतो आणि राख मऊ, करडी पडते. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गोळी होते.

तुमची गुलबक्षी साडी थरांत घालू नका. एक तर पॉलिएस्टर घाम टिपत नाही आणि दुसरे म्हणजे ते सुती थरांमधून निसटत राहते. त्या साडीचा गोट, म्हणजे कडेवर दुमडून लावायची पट्टी, करा. कोणत्याही गोधडीचा काठ सर्वांत आधी झिजतो आणि पॉलिएस्टर झिजायला फार चिवट असते, तेव्हा त्याला दिलेले हे काम योग्यच आहे. पट्ट्या उरेब, म्हणजे तिरक्या, कापा, म्हणजे कोपऱ्यावर गोट वळताना चुण्या पडणार नाहीत. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून पट्टी दुहेरी दुमडून लावा आणि इस्त्री कोमटच ठेवा. बोटभर रुंदीचा गोट अंगाला टोचणार नाही आणि मुलांना आजीची साडी चारी बाजूंनी दिसेल.

मागच्या बाजूला नवे मांजरपाट किंवा कोणतेही नवे सुती कापड लावणार असाल तर ते आधी गरम पाण्यातून काढून वाळवा. जुने लुगडे आटायचे तेवढे आटून झालेले असते, नवे कापड मात्र पहिल्या धुण्यात आटते आणि मग सगळी गोधडी सुरकुतते. रंगीत नवे कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग लागला तर ते वापरू नका. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने बाजारातल्या तयार कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही, लोक काहीही म्हणोत.

मशीनबद्दल विचारले आहे. घरगुती मशीनवर चार-सहा थर घातले की दाबपट्टीखाली वरचा थर अडतो आणि खालचा सरकत जातो. वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारी दाबपट्टी, म्हणजे वॉकिंग फूट, बसवली तर ते सावरता येते, परंतु मशीनचे बारीक टाके विरलेल्या कापडाला ओळीने भोके पाडतात आणि पुढे कापड त्याच रेषेवर फाटते. नवे कापड असते तर मी मशीन चालवा म्हटले असते. जुन्या लुगड्याला हातचा, जरा सैलसर टाकाच मानवतो. आणि ताई, दुकानात बसून जे पाहिले त्यावरून सांगतो की वाकडा टाका कधी फाटत नाही, फाटतो तो ओढून घट्ट केलेला टाका. तुमच्यातल्या नीटनेटक्या बायकांचे टाके तेवढे तपासून घ्या.


एडिसनकर (न्यू जर्सी):

इथल्या क्विल्ट गिल्डमध्ये, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळात, मी बरीच वर्षे जाते. मध्यापासून की काठाकडून, या तुमच्या वादात दोन्ही आज्या बरोबर असाव्यात, कारण उत्तर मधल्या थरावर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या क्विल्टमध्ये वरचा जोडकामाचा थर, मध्ये कापसाचे किंवा पॉलिएस्टरचे फुगीर अस्तर आणि खाली पाठीचे कापड असते. फुगीर अस्तर दाबले गेले की वरचे कापड बाहेर सरकते, म्हणून मध्यापासून बाहेर शिवत जातात आणि जास्तीचे कापड काठावर काढून टाकतात. मगच काठाला पट्टी लावतात. तुमच्या गोधडीत फुगीर थर नाही आणि काठ आधीच दुमडलेले असतील, तर काठाकडून आत येण्यात अडचण नाही. कच्च्या टाक्यांऐवजी आम्ही वाकड्या सेफ्टी पिना तळहाताएवढ्या अंतरावर लावतो. त्या काढायला सोप्या जातात.

टाक्यांच्या बाबतीत इथे दोन्ही टोके पाहायला मिळतात. गिल्डमधल्या काही बायका इंचाला दहा-बारा टाके घालतात आणि त्याहून कमी पडले तर नाक मुरडतात. दुसरीकडे अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावरच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या आहेत, ज्यांची रेघ मुद्दाम मोकळी, हात फिरेल तशी जाते. त्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. त्या मुळात थंडीत पांघरण्यासाठीच शिवलेल्या होत्या, हे मुद्दाम सांगते.

आणखी एक पर्याय सुचवते. १८४० च्या सुमारास इथे मैत्रिणींनी मिळून क्विल्ट करण्याची एक पद्धत रूढ झाली होती, ज्यात प्रत्येकीने एकेक चौकोन पूर्ण करायचा, त्यावर शाईने आपले नाव लिहायचे आणि मग ते सगळे चौकोन जोडायचे. तुम्ही प्रत्येकीला आपला चौकोन घरी नेऊन शिवू दिलात तर कोणाचे टाके कोणाच्या शेजारी येणार नाहीत आणि तुलनाही होणार नाही.

तुमच्या मैत्रिणीसाठी एक छोटी युक्ती आहे. बसण्यापूर्वी दहा-पंधरा सुयांमध्ये दोरा ओवून त्या उशीला टोचून ठेवा. दिसायला कमी झालेल्या माणसाला शिवण्यापेक्षा ओवणे जास्त नकोसे होते आणि दर वेळी दुसरीला हाक मारणे त्याहून नकोसे. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका आणि मेणावरून ओढून घ्या, म्हणजे गाठी पडत नाहीत.


कृष्णाकाठची:

एडिसनकर ताई, ओवलेल्या सुयांची युक्ती फारच छान आहे. चौकोनांचे मात्र मला पटत नाही. गोधडी आपल्याकडे पांघरतातही आणि खाली अंथरतातही. चार थरांचे चौकोन जोडले की प्रत्येक जोडावर आठ थर येतात, त्यांच्या दुमडी वेगळ्या, आणि अंथरून झोपले की ते जोड पाठीला लागतात. शिवाय तुलना टाळण्यासाठी प्रत्येकीने घरी बसून शिवायचे असेल तर शनिवारची दुपार कशासाठी राखून ठेवायची?


हळियाळ रस्ता (धारवाड):

काठाकडून शिवण्याचा आणखी एक प्रकार आमच्या बाजूला आहे, तो सांगावासा वाटतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या लोकांचे हे वंशज आहेत. त्यांच्या स्त्रिया कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवतात. त्यात खाली जुनी साडी असते आणि तिच्यावर एका कोपऱ्यापासून सुरुवात करून चिंध्यांचे तुकडे एकेक करून मांडत, त्यांची कड आत दुमडत, धावदोऱ्याने शिवत काठाकाठाने फिरत मध्याकडे यायचे. वरचा थर आधीपासून तयार नसतो, तो शिवता शिवताच घडत जातो. त्यामुळे मध्यावर फुगा येण्याचा प्रश्नच नाही, कारण शेवटचा तुकडा उरलेल्या जागेच्या मापाचाच कापला जातो. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात, आणि ती नसतील तर कवंदी पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत.

तुम्हाला याचा उपयोग असा की दोन्ही गोधड्या एकाच पद्धतीने करण्याची सक्ती नाही. पहिली अख्ख्या थरांची करा, दुसरीला पदर, काठ आणि उरलेले तुकडे अशा रीतीने वर बसवा. तुकड्यांच्या कामात हातभर सरळ रेघ कुठे लागतच नाही. तुकडा छोटा, त्याच्या कडेची ओळ छोटी, आणि त्यात वेगवेगळ्या हातांचे टाके शेजारी शेजारी आले तरी डोळा रंगांकडे जातो. तुमच्या मैत्रिणीने तुकडे निवडण्याचे आणि मांडण्याचे काम घेतले तर फारच उत्तम. माझ्या पाहण्यात कवंदीतले अवघड काम तेच असते. टाका कोणीही घालतो, पण पिवळ्याशेजारी काय ठेवावे हे सगळ्यांना सुचत नाही.


शनिवारची सुई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठकीत तुमची उत्तरे वाचून दाखवली आणि त्यावर बराच खल झाला. कात्री आणि गज काकांचे घट्ट टाक्याविषयीचे वाक्य वाचल्यावर आमच्यातली सर्वांत नीटस हाताची मैत्रीण काही वेळ गप्प होती, मग तिने स्वतःचे जुने दुपटे आणून उलटे करून पाहिले. कापड जिथे फाटले होते ते तिच्याच आवळलेल्या टाक्यांच्या ओळीवर.

असे ठरले आहे. पहिली गोधडी चार थरांची, काठाकडून, कच्चे टाके घालून. दुसरी तुकड्यांची, वर इरकलाचे पदर सोडून फक्त सुती काठ आणि साध्या पातळांचे तुकडे, कारण जाळून पाहिल्यावर आमच्या दोन इरकलांचे काठ सुती निघाले. तुकड्यांची मांडणी ज्येष्ठ मैत्रिणीकडे सोपवली आहे. लांब टाके आडव्या टाक्याने बांधण्याचे तिला मीच समजावून सांगितले. त्यावर ती म्हणाली, की मग तो बांधायचा दोरा पिवळा घ्या, म्हणजे मलाही दिसेल कुठे कुठे बांधले ते. तिला आपल्या टाक्यांचे सगळे आधीपासून ठाऊक होते, फक्त आम्ही कधी विचारले नव्हते.

दोन लहान शंका उरल्या आहेत. गुलबक्षी साडीतून गोट काढूनही बरेच कापड उरते, त्याच्या पिशव्या शिवून गोधड्या त्यांत ठेवल्या तर चालेल का? आणि गोधडी मशीनमध्ये धुवावी का? मुलीकडे हाताने धुणारे कोणी नाही.


कात्री आणि गज:

प्रवासात नेण्यापुरती पिशवी चालेल, कायमची ठेवण नको. पॉलिएस्टर ओल टिपून घेत नाही आणि पावसाळ्यात आतल्या सुती कापडाला बुरशीचे ठिपके पडतात. ठेवण्यासाठी जुने धोतर किंवा सुती चादर गुंडाळा, घडी अधूनमधून बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड मोडत नाही.

मशीनमध्ये धुता येईल, पण थंड पाण्यात, हलक्या फेऱ्यावर आणि एकटीच घालावी. पिळण्याचा वेग कमीत कमी ठेवायला सांगा. वाळवताना दोरीवर टांगू नका. भिजलेल्या गोधडीचे वजन फार होते आणि ते सगळे दोरीवरच्या एका ओळीतल्या टाक्यांवर येते. गच्चीवर चादर अंथरून तिच्यावर पसरा आणि दुपारी एकदा उलटी करा. मुलीकडे गच्ची नसेल तर दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या काठ्या टाकून त्यांवर पसरायला सांगा. दोन काठ्यांपेक्षा तीन बऱ्या.